अकरा जहाजांचं नगर

मी मुरबाडच्या एका शाळेत इतिहास शिकवते आणि माणसांवर सहसा विश्वास ठेवत नाही. उत्तरपत्रिका तपासून तपासून ही सवय लागली असं मी लोकांना सांगते, पण ते काही खरं नाही. संशय मी माहेरून आणला. लहानपणी आमच्या गावात मला कोणी नावाने हाक मारत नसे. "कोतवालाची पोर" म्हणत, आणि म्हणून झालं की दोन मोठी माणसं एकमेकांकडे बघत. त्या बघण्याचा अर्थ लावता लावता मी मोठी झाले.

बाबा गावचे कोतवाल होते. माझ्या वर्गातल्या मुलांना कोतवाल म्हणजे पोलीस वाटतो, म्हणून सांगते. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा गावचा नोकर. कचेरीतले कागद आणायचे, घरोघर पोचवायचे, आणि सगळ्या गावाला काही कळवायचं असलं की गळ्यात डफ अडकवून दवंडी द्यायची. बाबांनी देवळापाशी तोंड उघडलं की ओढ्यापलीकडे गुरं राखणारा मान वर करायचा, असा त्यांचा आवाज. ते जुनं गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. गाव उठलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते, त्यामुळे माझ्या आठवणी सगळ्या नव्या गावातल्या, आसनगाव आणि खर्डीच्या मधल्या अंगाला जे वसवलं तिथल्या. नव्या गावात आमचा प्लॉट पहिलाच, रस्त्याला लागून.

तोच नडला. गावात बोललं जाई ते असं, की गाव उठवायच्या कागदावर पहिली सही कोतवालाने ठोकली, म्हणून त्याला रस्त्याकडेची जागा मिळाली. तोंडावर कोणी म्हणत नसे. दरवर्षी वैशाखात धरणाचं पाणी उतरतं, गावदेवीच्या देवळाचा चौथरा उघडा पडतो, आणि सगळं गाव नारळ घेऊन तिथे जातं, सुकल्या गाळात पंगत मांडून एकत्र जेवतं. बाबा एकदाही गेले नाहीत. आई मला घेऊन जायची, आणि पंगतीत आमच्या दोन्ही बाजूंना जरा जास्तच ऐसपैस जागा राहायची.

दहावीत असताना मी बाबांना सरळ विचारलं होतं, "पहिली सही तुम्ही केली का?"

ते पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "गाव म्हनतं तर आसंल."

हे हो झालं की नाही? मी ते हो धरलं. मला त्यांचा राग आला आणि तो मी नीट सांभाळून ठेवला. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, मुरबाडला नोकरी लागली, आई गेली, बाबा एकटे राहू लागले. महिन्यातून दोन रविवार किन्हवलीवरून येणाऱ्या एसटीने मी शहापूरला यायची, तिथून रिक्षाने घरी. डबे भरायची, चादरी धुवायची, औषधं मोजायची. लेकीने करायचं ते सगळं केलं. फक्त त्यांच्याशी बोलताना डोळ्यांत बघत नसे, आणि हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मानण्याइतकी मी भोळी नाही.

गेल्या वर्षी पौषात त्यांचा घसा बसला तो सुटेना. खर्डीच्या डॉक्टरने कल्याणला पाठवलं. तिथे गाठ निघाली. काढावी लागेल म्हणाले, आणि आवाज राहील याची खात्री देता येत नाही असंही म्हणाले. बाबांनी एकच विचारलं, "कवा?" आठ दिवसांनंतरची तारीख मिळाली. मी शाळेत रजा टाकली, पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पिशवीत घातला आणि माहेरी येऊन राहिले.

दवाखान्याला आधार कार्ड, रेशन कार्ड, असे कागद हवे होते. बाबा अंघोळीला गेलेले बघून मी त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. विचारूनही उघडता आली असती. पण न विचारता उघडलेल्या ट्रंकेत जास्त सापडतं, हा माझा अनुभव. वर कागद होते, खाली डफ होता, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, आणि डफाखाली चार वह्या. शाळेतल्या मुलांच्या असतात तशा, दोनशे पानी. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर बाबांच्या ठसठशीत, कचेरीत वळण लागलेल्या अक्षरात लिहिलं होतं: "समुद्रकाठच्या एका नगराचा इतिहास. या नगरास राजा नव्हता."

बाबा सातवी शिकलेले. आयुष्यात दोनदा मुंबईला गेले, दोन्ही वेळा कचेरीच्या कामाला, आणि दोन्ही वेळा संध्याकाळच्या आत परत. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही.

माझा पहिला संशय अर्थातच कॉपीचा. मी उभ्या उभ्याच दहा-बारा पानं वाचली. भाषा बाबांची वाटत नव्हती, पण कचेरीतल्या कागदांची वाटत होती, "येणेप्रमाणे" आणि "सबब" यांनी भरलेली. मी दोन वाक्यं मोबाइलवर टाकून शोधून पाहिली, मुलांचे निबंध शोधते तशी. काही सापडलं नाही. न्हाणीघरातून तांब्याचा आवाज थांबला तशा वह्या होत्या तिथे ठेवल्या आणि आधार कार्ड हातात घेऊन बाहेर आले.

पुढचे दोन दिवस मी चोरून वाचत होते. बाबा दुपारी पडायचे तेव्हा. एरवी दहावीच्या उत्तरपत्रिकांवर लाल पेन चालवायची, आणि दुपारी तसंच या इतिहासावर मनातल्या मनात चालवायची.

नगर मात्र त्यांनी झकास वसवलं होतं, हे मला मान्य करावं लागलं. कारभारी दरवर्षी बदलायचा, प्रत्येक घराची पाळी एक वर्ष. सभा बंदरावरच्या उंबराखाली भरायची. ज्याचं भांडण असेल त्याने बोलताना हातात पाण्याने भरलेला गडू धरायचा आणि पाणी सांडलं की बोलणं थांबवायचं, म्हणजे तावातावाने बोलणारा लवकर संपायचा. त्यांच्याकडे शिंग फुंकून निरोप सांगणारा एक माणूस होता, शिंगाड्या. त्याच्यासाठी कायदा होता की निरोपातला एक शब्द त्याने गाळायचा नाही आणि स्वतःचा एक घालायचा नाही. सभेत त्याला मत नव्हतं. "ज्याच्या तोंडी सर्वांचे बोलणे, त्यास आपले बोलणे असू नये," असं त्याखाली लिहिलं होतं. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

पण इतिहासाच्या बाईला चुका दिसतातच. नगराचे खलाशी तहान लागली की जहाजावरून वाकून ओंजळीने समुद्राचंच पाणी प्यायचे. समुद्राला भरती-ओहोटी नव्हती. पाणी पावसाळ्यात चढायचं आणि वैशाखात उतरायचं, वर्षातून एकदा. उतरलं की तळाशी जुन्या नगराचा चौथरा दिसायचा. इथे मी वही खाली ठेवली. शाळेच्या सहली घेऊन मी चार वेळा अलिबागला गेले आहे. असा समुद्र कुठेच नसतो. असं पाणी मात्र आमच्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर आहे.

म्हणजे नगर हे आमचंच गाव, आणि शिंगाड्या कोण ते सांगायला नको. मग मला घाईच लागली. ज्या सहीबद्दल बाबा कधी बोलले नाहीत, तिची कबुली या वह्यांत असणार. माणूस स्वतःच्या नावाने कबूल करत नाही ते दुसऱ्याच्या नावाने करतो. मी चौथी वही काढली आणि शेवटाकडून वाचायला लागले, चोरटा हिशोब तपासताना आधी शेवटचं पान बघतात तशी. सही कुठेच नव्हती. शिंगाड्याने कुठल्याही कागदाला हात लावला नव्हता. त्याऐवजी जहाजांचं प्रकरण होतं, आणि ते चारही वह्यांत पुन्हा पुन्हा लिहिलेलं, खोडलेलं, परत लिहिलेलं.

नगराच्या तटाबाहेर खलाशी राहत. त्यांची अकरा जहाजं. दिवाळी झाली की अकराच्या अकरा निघून जात आणि पाऊस तोंडावर आला की परत येत. परत आलेल्या खलाशांच्या नखांत लाल माती असे आणि पोरांच्या भुवया राखेने पांढऱ्या झालेल्या असत. समुद्रावरून येणाऱ्यांच्या नखांत लाल माती कशी? मी तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. सवयीने काढलं आणि मग घाबरून खोडायला गेले, तर मागे बाबा उभे होते.

"खोडू नको गो बाय," ते म्हणाले. आवाज म्हणजे नुसती घरघर राहिली होती. "काय चुकलं तिथं?"

चोरी पकडली गेली की मुलं उलट चढून बोलतात, तशी मी बोलले. "हा समुद्र खोटा आहे. हे धरण आहे. आणि तुम्ही सहीचं काहीच लिहिलेलं नाही."

"सही मी केलीच नाय."

"मग मला तेव्हा का नाही सांगितलं?"

बाबा माझ्या शेजारी चटईवर बसले. त्यांना वाकायला वेळ लागला. म्हणाले, "सही मी केली नाय. प्लॉट चिठ्ठी काडून भेटला, समद्यांसारका. पन लोक जे नाय केलं त्याचं बोलत व्हते, म्हनून जे केलं त्याचं कोनी इचारत नव्हतं. बरं व्हतं ते मला."

मला त्यांचा राग आला, आणि आधी कधी आला नव्हता असा. तीस वर्षं मी एका चुकीच्या गुन्ह्यासाठी त्यांना शिक्षा देत होते आणि ते ती गुपचूप घेत होते. सोय म्हणून. मी विचारलं, "काय केलं तुम्ही?"

त्यांनी सांगितलं ते थांबून थांबून, पाण्याचे घोट घेत. जुन्या गावाच्या शिवेवर एक शेंदूर लावलेला दगड होता. गावदेवीची हद्द तिथे संपायची, पुढे वाघोबाचं रान. कोतवालाची दवंडी त्या दगडापर्यंतच. दगडाच्या पलीकडे डफ वाजला तर त्याचा अर्थ एकच, वाघ आला, आणि मग काठ्या-कोयत्या घेऊन सगळ्यांनी धावायचं. पलीकडे रानालगत मजुरांची वाडी होती, पण म्हणून तिथे डफ कधी नेत नसत. वाडीतली माणसं गावात मजुरीला यायची, येणारा दवंडी ऐकून जायचा आणि संध्याकाळी घरोघर सांगायचा. बाबांच्या बापापासून हीच रीत.

गाव उठवायचं ठरलं त्या वर्षी माघात कचेरीतून निरोप आला. ज्यांची घरं जाणार त्यांनी आठ दिवसांत देवळासमोर येऊन यादीत नाव लिहून घ्यावं. बाबांनी दवंडी दिली. देवळापासून सुरुवात केली, सगळ्या आळ्या घेतल्या, शिवेच्या दगडाशी पोचले आणि थांबले. वाडी दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेली होती, सगळी. निरोप घेऊन जाणारा गावात कोणी नव्हताच.

"मला ठाव व्हतं," बाबा म्हणाले. "दगडाशी हुभा ऱ्हाऊन मी त्या खोपटांकडं बगितलं. दारांना काट्या लावलेल्या. म्हटलं, रीत हाय ती हाय. आन म्हटलं, येतील तवा सांगू. यादी आठ दिवसांत बंद झाली. ते आले मिरगाच्या तोंडाला. दोन पावसांत पानी चडलं."

"गावातल्या बाकीच्यांना माहीत नव्हतं का, वाडी भट्टीवर आहे ते?"

"समद्यांना व्हतं."

"मग एकट्या तुमचाच काय दोष?"

"सांगायचं काम माजं व्हतं."

वाडीला ना प्लॉट मिळाला, ना यादीत नाव. ती माणसं पाण्याच्या वरच्या अंगाला टेकडीच्या उतारावर सरकली आणि अजून तिथेच आहेत, कोणाच्या तरी जागेत. मी माहेरी येता-जाता ती घरं रिक्षातून कितीदा पाहिली होती. ती तिथे का आहेत हा प्रश्न मला, इतिहासाच्या बाईला, कधी पडला नव्हता.

"आणि हे समुद्र, जहाजं कशाला?" मी विचारलं.

"तुज्या पोरीच्या पुस्तकात वाचलं, राजा नसलेली नगरं व्हती म्हनून. आपल्या गावाचं लिवायला बसलो तर पयल्याच वळीत हात थांबायचा. लांबचं म्हनून लिवलं तर चालायचा." मग ते डफाकडे बघत म्हणाले, "पाच दिस हायेत. आवाज जायच्या आत मला वाडीत दवंडी द्यायची हाय."

माझा पुढचा संशय सांगायची मला लाज वाटते. मला वाटलं, आता मरणाच्या भीतीने हे स्वतःचं मन हलकं करायला निघालेत, आणि त्याचा त्रास त्या लोकांनी का घ्यावा? दुसरा विचार त्याहून वाईट होता, की वाडीतल्यांनी त्यांना मारलं तर? मी दोन्ही बोलून दाखवले. बाबा म्हणाले, "मारतील तर मारतील. तू रिक्षात बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही वाडीत पोचलो. बाबांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं, डफ काखेत धरला होता. वाडीत कोणी नव्हतं. एकूण एक घराच्या दाराला काट्यांची फांदी लावलेली. अंगणवाडीच्या खोलीला कुलूप. बाबा मधोमध उभे राहून चारी बाजूंना बघत होते. मला वेळ लागला, पण समजलं. माघ महिना होता. तेच दिवस, तशीच बंद दारं, आणि आमचे कोतवाल पुन्हा डफ घेऊन रिकाम्या वाडीत.

ते हसायला लागले. हसण्याचा आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग ते बसले आणि त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं. मी त्यांना वयात आल्यापासून पहिल्यांदा हात लावला, म्हणजे औषध देण्यासाठी नव्हे असा. म्हटलं, "उठा. इथे नाहीत तर जिथे आहेत तिथे जाऊ."

रिक्षावाल्याला भट्टी ठाऊक होती. "वर्साला त्याच भट्टीव जातात, पडग्याच्या अलीकडं," तो म्हणाला. "पन तुमी कशाला? सर्वे हाय का?" आम्ही नाही म्हटलं तर त्याचा विश्वास बसला नाही. रस्ताभर तो आरशातून माझ्याकडे बघत होता, आणि पहिल्यांदा मला कळलं की असं कोणी बघत राहिलं की माणूस उगाचच मान खाली घालतं.

भट्टीवरही तसंच झालं. मुकादमाने अडवलं. कुठल्या ऑफिसच्या, कुठल्या संस्थेच्या, कागद दाखवा. मी शाळेत शिकवते म्हटल्याबरोबर बायकांनी पोरांना हाका मारून झोपड्यांत घेतलं, कारण शाळेची माणसं येतात ती पोरांना उचलून आश्रमशाळेत टाकायला, असं त्यांचं म्हणणं. साचे हातात घेतलेले पुरुष काम थांबवून उभे राहिले. आम्ही खरंच काही न घेता, न लिहिता, फक्त सांगायला आलो आहोत, हे पटवायचं कसं ते मला सुचेना. मला तरी पटलं असतं का?

झोपडीच्या सावलीत एक म्हातारी पायांवर तान्हं घेऊन बसली होती. तिने बाबांकडे नीट पाहिलं. डोळ्यांवर आडवा हात धरून पुन्हा पाहिलं.

"कोतवाल न्हवं का तू?" ती म्हणाली. "जुन्या गावचा?"

"व्हय."

"इतक्या वर्सांनी कंचा कागूद आनलास?"

"कागूद नाय. दवंडी ऱ्हायली व्हती. ती द्यायची हाय." बाबांनी डफ पुढे घेतला, पण वाजवला नाही. तिच्याकडे बघून म्हणाले, "शिवेपल्याड हाय हे. वाजवू का?"

म्हातारीने तान्हं दुसऱ्या पायावर घेतलं. "वाजव," ती म्हणाली. "वाघ कवाच येऊन गेला."

बाबांनी डफ वाजवला. हात विसरले नव्हते. आणि मग त्यांनी आवाज काढला. तो कुठून आला ठाऊक नाही, फाटलेला होता, मध्ये मध्ये नुसती हवा येत होती, पण मातीच्या ढिगांपलीकडची माणसं वळून बघण्याइतका होता. "ऐका हो ऐका. गावच्या लोकांना आणि वाडीच्या लोकांना कळवन्यात येतं, का आपलं गाव उठनार हाय. ज्याची ज्याची घरं जानार, त्यानं आठ दिसांत देवळाम्होरं येऊन आपलं नाव लिवून घ्यावं हो." मूळ निरोपात "वाडीच्या लोकांना" हे शब्द नव्हते, असं त्यांनी मला नंतर लिहून सांगितलं. सबंध नोकरीत त्यांनी स्वतःचे घातलेले शब्द तेवढेच.

तरुण पोरं हसली. एकाने मोबाइल काढला. म्हाताऱ्यांपैकी कोणी हसलं नाही. एक मुलगा म्हणाला, "कंचं गाव? कवा?" आणि कोणीतरी त्याला गप्प केलं.

बाबांचा आवाज तिथेच संपला. म्हणजे ऑपरेशन चार दिवसांनी झालं, पण त्यानंतर ते बोलले नाहीत, आणि आता वहीत लिहूनच बोलतात. त्यांनी पिशवीतून चौथी वही काढून माझ्या हातात दिली आणि जहाजांचं प्रकरण उघडून बोट ठेवलं. मी विटांच्या थप्पीवर टेकले आणि वाचून दाखवलं. तटाबाहेरचे खलाशी, दिवाळीनंतर निघालेली जहाजं, तटाशी थांबलेला शिंगाड्या, त्याने न फुंकलेलं शिंग. कचेरीची भाषा मला वाचताना अवघड गेली, पण ऐकणाऱ्यांना समजत होतं. नखांतल्या लाल मातीपाशी एका बाईने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "येणेप्रमाणे अकरा जहाजे परत आली," मी वाचलं, "परंतु बंदर नव्हते."

"बारा," म्हातारी म्हणाली.

मी थांबले. बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"अकरा नाय, बारा घरां व्हती. बारावं माजं. त्याच साली लगीन लागलं माजं. दिवाळीच्या आदी खोप बांदली, नवऱ्यानं आन म्या, आंब्याच्या खालच्या अंगाला. कुडाची माती वाळायची व्हती तर भट्टीव निगालो. म्हटलं, येऊन सारवू." ती तान्ह्याला थोपटत राहिली. "एक मयना पन नाय ऱ्हायलो त्यात. तू इसरलास. तू काय, समदेच इसरले. माजा नवरा सांगायचा तर आमचीच मानसं म्हनायची, तिथं कुठं रं घर व्हतं."

बाबा खिशात पेन शोधू लागले, सापडेना, म्हणून मी माझं दिलं, उत्तरपत्रिकांचं लाल. त्यांनी माझ्या मांडीवरची वही ओढून घेतली, "अकरा" वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं. मग मागची पानं उलटली आणि आणखी तीन जागी अकरा होतं तिथेही तेच केलं. सगळी भट्टी थांबून बघत होती, मुकादमसुद्धा. बऱ्याच वेळाने त्यांनी वही म्हातारीपुढे धरली.

तिने वही हातात घेतली नाही. अक्षरांकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळली.

"मला वाचता येत नाय," ती म्हणाली. "तू याची पोर ना? तू सांग. यानं खरंच बारा लिवलं का?"

मी चारही जागा नीट तपासल्या. मग बाबांच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिला म्हणाले, "हो. बारा लिहिलंय."